गेस्ट वाय-फाय चालू आहे, तरी पाहुण्यांना घरचा प्रिंटर का दिसतो?

तक्रार साधारण अशी असते. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क चालू केलं, त्याला वेगळं नाव नि वेगळा पासवर्ड दिला, पाहुण्यांना तोच सांगितला. तरी पाहुण्याच्या फोनवर घरातला प्रिंटर दिसतो, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचं (चित्रण साठवणाऱ्या डब्याचं) पान उघडतं, कधी तर राउटरचं लॉगिनसुद्धा. याच्या बरोबर उलटा प्रकारही तितकाच नेहमीचा: पाहुण्याचा फोन जोडला जातो, वाय-फायची खूण पूर्ण भरते, पण खाली ‘इंटरनेट नाही’. मग कोणीतरी राउटर बंद करून चालू करतं, थोडे दिवस बरे जातात, आणि लाइट जाऊन आली की पुन्हा तेच रडगाणं.

दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक घरांत एकच निघतं. घरात राउटर एक नसून दोन असतात, आणि गेस्ट नेटवर्क चुकीच्या राउटरवर चालू केलेलं असतं.

‘आमच्याकडे एकच राउटर आहे’ असं म्हणण्याआधी दाराजवळ बघा. फायबरची बारीक वायर ज्या डब्यात शिरते तो ओएनटी. बरेच जण त्याला अजूनही मॉडेम म्हणतात, पण आजचा बहुतेक ओएनटी हा स्वतःच पूर्ण राउटर असतो. तो घरातल्या उपकरणांना पत्ते वाटतो आणि त्याचं स्वतःचं वाय-फाय असतं. ते आतल्या बेडरूमपर्यंत पोचत नाही म्हणून आपण दुसरा, चांगला राउटर विकत आणतो, ओएनटीच्या लॅन पोर्टातून एक वायर त्याच्यात खोचतो, आणि पुढचे सगळे उद्योग त्या नव्या राउटरच्या अॅपमध्ये करतो. गेस्ट नेटवर्कही तिथंच. ओएनटीकडे कोणी वळूनही पाहत नाही. त्याचं वाय-फाय कारखान्यातून आलेल्या नावानं चालूच राहतं.

आधी खात्री करा

सेटिंग बदलण्याआधी नेमकं काय उघडं आहे ते बघू. एक फोन घ्या, त्याचा मोबाईल डेटा बंद करा. हे महत्त्वाचं आहे, कारण वाय-फायवर इंटरनेट नसेल तर फोन गुपचूप मोबाईल डेटावर सरकतो आणि आपली चाचणी खोटी ठरते. फोन गेस्ट नेटवर्कला जोडा. वाय-फायच्या तपशिलात आयपी पत्ता (फोनचा) आणि गेटवे (फोन ज्या डब्यातून बाहेर जातो त्याचा पत्ता) असे दोन आकडे दिसतील, ते लिहून ठेवा. तोच फोन घरच्या मुख्य नेटवर्कला जोडून पुन्हा तेच दोन आकडे लिहा, आणि तिसऱ्यांदा ओएनटीच्या स्वतःच्या वाय-फायला जोडून.

आता फोन परत गेस्टवर आणा आणि ब्राउझरमध्ये लिहिलेले गेटवे एकेक करून उघडून पाहा. ओएनटीचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, जिओफायबरच्या डब्याचा १९२.१६८.२९.१. आतल्या राउटरचा १९२.१६८.०.१ किंवा तत्सम काही. पत्त्याआधी ‘http://’ लिहा, नाहीतर काही ब्राउझर सुरक्षित जोडणीचा हट्ट धरून पान उघडतच नाहीत. प्रिंटर असेल तर त्याचाही पत्ता टाका. आजकालच्या जवळपास प्रत्येक वाय-फाय प्रिंटरचं स्वतःचं छोटं वेबपान असतं. गेस्टवरून यातलं एकही पान उघडायला नको. जे उघडतं, तिथे भोक आहे.

दोन गोष्टींवर मात्र भरवसा ठेवू नका. पहिली, पत्त्याचे आकडे. गेस्ट फोनचा आणि घरच्या फोनचा पत्ता एकाच मालिकेतला निघाला की लोक घाबरतात. काही राउटर सगळ्यांना एकाच मालिकेतले पत्ते देतात, पण मधली वाहतूक आतून अडवतात. ते चालतं. दुसरी, यूट्यूबमधली टीव्हीवर पाठवायची खूण. तुमचा फोन आणि टीव्ही एकाच खात्यावर असतील तर नेटवर्क वेगळं असूनही ती खूण दिसू शकते. पान उघडतं की नाही, हीच खरी परीक्षा.

भिंत कुठे उभी आहे

गेस्ट नेटवर्क म्हणजे राउटरनं पाळलेला एक नियम: या नावानं आलेल्यांना इंटरनेटकडे जाऊ द्यायचं, माझ्या आतल्या नेटवर्ककडे नाही. यातला ‘माझ्या’ हा शब्द सगळा घोळ घालतो. आतल्या राउटरला फक्त त्याच्यामागची उपकरणं आपली वाटतात. ओएनटी त्याच्या दृष्टीनं बाहेरचा आहे, इंटरनेटच्या बाजूचा. त्यामुळे पाहुण्याच्या फोननं १९२.१६८.१.१ मागितलं की आतला राउटर बहुतेक वेळा ते निमूटपणे बाहेर सोडून देतो, आणि समोर ओएनटी, त्याला वायरनं जोडलेला डीव्हीआर, सेट-टॉप बॉक्स सगळे हजर असतात. दाराजवळ जागा असते म्हणून डीव्हीआर तिथंच जोडला जातो, आणि त्याचा पासवर्ड बसवणाऱ्यानं ठेवलेला तोच राहतो. पाहुण्यांपासून सगळ्यात जास्त जपायची वस्तू नेमकी त्यांच्या वाटेत येते.

ही झाली दोन्ही डबे राउटर म्हणून चालत असतानाची गोष्ट. काही घरांत आतला राउटर ‘अॅक्सेस पॉइंट मोड’वर टाकलेला असतो. म्हणजे तो पत्ते वाटत नाही, फक्त वाय-फाय पसरवतो, पत्ते ओएनटीच देतो. इथे गेस्टची भिंत आणखीच डळमळीत होते, कारण आतल्या राउटरकडे आता अडवायला स्वतःचं वेगळं नेटवर्कच उरलेलं नसतं. गेस्ट नावानं आलेला फोन आणि घरचा फोन दोघेही एकाच वायरीनं ओएनटीकडे जातात आणि ओएनटीला दोघांत काही फरक दिसत नाही. काही मॉडेल या मोडमध्ये गेस्टचा पर्यायच काढून टाकतात, तो प्रामाणिकपणा झाला. काही तो तसाच दाखवतात, नाव वेगळं दिसतं, नि आत सगळं एक. आणि काही जरा जास्त हुशारी करून गेस्टला १९२.१६८ने सुरू होणारे सगळे पत्ते बंद करून टाकतात. त्यात बिचारा ओएनटीही बंद होतो, जो इंटरनेटचा रस्ता आहे आणि बहुधा नावांचे पत्ते शोधून देणारा डीएनएस सर्व्हरही. पाहुण्याला ‘इंटरनेट नाही’ दिसतं ते इथून.

यातला डीएनएसचा भाग वेगळा काढून तपासता येतो. गेस्टवर असताना ब्राउझरमध्ये एखाद्या साइटचं नाव टाकलं तर उघडत नाही, पण १.१.१.१ टाकल्यावर क्लाउडफ्लेअर या कंपनीचं पान येतं किंवा निदान वरचा पत्ता बदलून one.one.one.one होतो, असं झालं तर रस्ता ठीक आहे, अडलंय ते नावापाशी. गेस्टच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ भरा, काम होईल. सेटिंगच दिसत नसेल तर खालचा उपाय करा, तो तसाही जास्त चांगला आहे.

अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये गेस्ट खरोखर वेगळं हवं असेल तर दोन्ही डब्यांना व्हीलॅन, म्हणजे एकाच वायरीतून दोन नेटवर्कं वेगळी ठेवायची पद्धत, कळावं लागतं. कंपनीनं दिलेल्या ओएनटीत ते आपल्या हाती सहसा नसतं. एकाच कंपनीचे मेश संच (एकत्र काम करणारे दोन-तीन वाय-फाय डबे) आपापसात हे जमवतात, पण तेही त्यांचा मुख्य डबा राउटर म्हणून चालत असेल तेव्हा. आणि रिपीटर, म्हणजे भिंतीवरच्या सॉकेटात खोचायचा तो, त्याच्यावर गेस्ट चालू करणं व्यर्थच. तो स्वतः घरच्या नेटवर्कचा पासवर्ड वापरून जोडलेला असतो, त्याच्या मागून येणारा प्रत्येक जण घरचाच धरला जातो.

उलटं लावा

सर्वांत स्वच्छ उपाय कोणता? ओएनटी ब्रिज मोडवर टाकून, म्हणजे त्याला नुसता पुढे पोचवणारा डबा करून, राउटरचं सगळं काम एकाच डब्याकडे, आतल्या राउटरकडे, द्यायचं. मग भिंतही एकच आणि ती योग्य जागी. त्यासाठी केबलवाल्याकडून किंवा कंपनीकडून पीपीपीओईचं (इंटरनेट जोडणीच्या लॉगिनचं) नाव, पासवर्ड आणि व्हीलॅनचा आकडा घ्यावा लागतो. काही जण लगेच देतात, काही ‘आमच्याकडे तसं होत नाही’ म्हणतात. शिवाय ओएनटीवर लँडलाइन किंवा टीव्ही चालत असेल तर ब्रिज केल्यावर ते चालू राहील का, हे आधी विचारून घ्या. आजींचा फोन बंद पडला की तुमच्या नेटवर्क सुरक्षेचं कौतुक कोणी करणार नाही.

ब्रिज मिळाला नाही, किंवा त्या भानगडीत पडायचं नाही, तर माझ्या मते जास्त सोपा आणि जवळपास तितकाच चांगला मार्ग आहे. पाहुण्यांना बाहेरच्या डब्यावर बसवा आणि घरच्यांना आतल्या. म्हणजे पाहुणे ओसरीवर, घरचं सगळं माजघरात. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही, कारण आतल्या राउटरची फायरवॉल मागितल्याशिवाय आलेलं काहीही आत घेत नाही. लोक करतात ते याच्या बरोबर उलटं: घरचा डीव्हीआर ओसरीवर आणि पाहुण्यांना माजघरातून वाट.

करायचं असं. आतला राउटर ‘राउटर मोड’वरच राहू दे, आणि त्याची पत्त्यांची मालिका ओएनटीपेक्षा वेगळी आहे ना ते पाहा. दोन्ही १९२.१६८.१ असतील तर भांडण अटळ आहे. नवे राउटर आपणहून बदलतात, जुने बदलत नाहीत. आतला १९२.१६८.५०.१ वगैरे करून टाका. डीव्हीआर, प्रिंटर, टीव्ही, हार्ड डिस्क, सगळ्यांच्या वायरी किंवा वाय-फाय आतल्या राउटरवर हलवा. आतल्या राउटरवरचं गेस्ट नेटवर्क बंद करा. आता ओएनटीच्या पानावर जाऊन तिथलं गेस्ट नेटवर्क चालू करा, आणि पाहुण्यांना तेच द्या. पत्ते वाटणारा डबा तोच असल्यामुळे तिथला गेस्टचा नियम खरा लागू होतो. ओएनटीचं मुख्य वाय-फाय कोणीच वापरत नसेल तर बंद ठेवा. बंद केल्यावर गेस्टही बंद होत असेल तर मुख्य वाय-फाय चालू ठेवा, त्याला लांबलचक पासवर्ड देऊन विसरून जा.

ओएनटीत गेस्टचा पर्यायच नसेल तर पाहुण्यांना त्याचं मुख्य वाय-फाय द्यायचं आणि ‘एपी आयसोलेशन’ चालू करायचं, म्हणजे पाहुण्यांचे फोन निदान एकमेकांना दिसणार नाहीत. यात एक उणीव राहते, ती सांगून ठेवतो: पाहुणा ओएनटीचं लॉगिन पान उघडू शकतो. म्हणून ओएनटीचा अॅडमिन पासवर्ड बदललेला हवा. डब्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर छापलेला चालणार नाही, कारण पाहुणा दाराजवळच चपला काढतो.

दोन राउटर एकामागे एक असले की ‘डबल नॅट’ होतं, म्हणजे पत्ते दोनदा बदलले जातात, म्हणून इंटरनेटवर बरीच भीती घातलेली आढळेल. घरी गेमिंग कन्सोल असेल तर त्रास होऊ शकतो. बाकी ब्राउझिंग, व्हिडिओ कॉल, ऑफिसचं व्हीपीएन, यांना सहसा काही होत नाही. बाहेरून घरातल्या उपकरणापर्यंत थेट यायची वाट, म्हणजे पोर्ट, उघडायची सोय अवघड होते हे खरं, पण आपल्याकडे बऱ्याच जोडण्या आधीच कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे असतात, ती सोय मुळात नव्हतीच. कॅमेरे मोबाईलवर दिसतात ते कंपनीच्या सर्व्हरमार्फत, ते दिसत राहतील.

पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार

सुरक्षेच्या यादीत वेप, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ अशी नावं दिसतील. वेप मेलेलं आहे. २००३ चं डब्ल्यूपीए आणि त्याच्यातली माहिती सांकेतिक करायची पद्धत टीकेआयपी हे वेपची डागडुजी म्हणून आलेले तात्पुरते उपाय होते. टीकेआयपी निवडलं तर सुरक्षा जाते ती जातेच, वेगही ५४ एमबीपीएसवर अडकतो, कारण त्यापुढचे वेग टीकेआयपीसोबत वापरायला मनाईच आहे. ‘२०० चा प्लॅन घेतला तरी वेग येत नाही’ या तक्रारीमागे कधीकधी हेच असतं. डब्ल्यूपीए२ घ्यायचं तर सोबत एईएस ही नवी पद्धतच.

डब्ल्यूपीए३ २०१८ मध्ये आलं. घरच्या नेटवर्कसाठी डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही चालतील असा मिश्र पर्याय निवडावा. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलं की जुना प्रिंटर, स्वस्तातला स्मार्ट बल्ब, पाच-सात वर्षांपूर्वीचा लॅपटॉप, एकेक करून गळतात. मिश्र पर्यायातही बल्ब रुसला तर ‘पीएमएफ’ किंवा ‘प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स’ ही सेटिंग बघा. ती ‘आवश्यक’ वर असेल तर ‘शक्य असल्यास’ वर आणा.

आता पासवर्ड. आपल्याकडे वाय-फायचा पासवर्ड म्हणजे घरच्या कर्त्या माणसाचा मोबाईल नंबर, हा अलिखित नियमच आहे. केबलवाल्याचा मुलगा जोडणी करताना विचारतोसुद्धा: ‘पासवर्ड काय ठेवू, नंबरच टाकू ना?’ डब्ल्यूपीए२ मध्ये कोणताही फोन जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती शेजारच्या घरातून पकडता येते, आणि नंतर निवांत, तुमच्या नेटवर्कला हातही न लावता, पासवर्ड ताडून बघता येतात. भारतीय मोबाईल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ यांपैकी एकानं सुरू होणारा, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. ऐकायला खूप वाटतात. गेमिंगसाठी घेतलेलं एक बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड सेकंदाला चारेक लाख पासवर्ड तपासतं. तीन तासांत खेळ खल्लास. डब्ल्यूपीए३ मध्ये असं घरी बसून ताडता येत नाही, पण मिश्र पर्यायात डब्ल्यूपीए२ चं दार उघडंच असतं. तेव्हा पासवर्ड चांगला हवाच. आठ ते ६३ अक्षरं चालतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा, आजीलाही फोनवर सांगता येतात.

नेटवर्कचं नावही बदला. पासवर्डपासून किल्ली बनवताना नाव त्यात मिसळलं जातं, त्यामुळे कारखान्यातून आलेली सर्रास आढळणारी नावं आधीच तयार करून ठेवलेल्या तक्त्यांनी फोडणं सोपं जातं. फ्लॅट नंबर आणि आडनाव मात्र नावात घालू नका.

डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिननं जोडायची सोय) बंद करा, दोन्ही डब्यांवर. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी ११ हजार प्रयत्न पुरतात. हे २०११ पासून जगजाहीर आहे, तरी पर्याय अजून मेनूत दिसतो. नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (उपकरणाच्या ओळख-पत्त्यावरून कोणाला आत घ्यायचं ते ठरवणं) यांच्या नादी लागू नका. लपवलेलं नाव तुमचाच फोन जाईल तिथे हाका मारून विचारत फिरतो. आणि अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक पत्ता सांगतात, म्हणजे मॅक फिल्टरनं फक्त घरचेच लोक अडतात.

‘आमच्या वाय-फायवर कोण काय करणार’ असं वाटत असेल तर २००८ आठवा. अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी आलेला धमकीचा ई-मेल शोधत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याला पोचले, ते एका अमेरिकन रहिवाशाच्या घरी. त्याचं वाय-फाय दुसऱ्यानंच वापरलं होतं. तो सुटला, पण चौकशीचा ससेमिरा त्याच्याच मागे लागला. वापर कोणाचाही असो, बाहेर दिसणारा पत्ता जोडणी ज्याच्या नावावर त्याचाच. म्हणून गेस्टलाही पासवर्ड हवा, आणि मोठं कार्य उरकलं की तो बदलायला हवा.

स्मार्ट बल्ब आणि कंपनी

बल्ब, प्लग, गिझरचा स्विच यांना मी पाहुण्यांतच धरतो. त्यांना इंटरनेट लागतं, घरची हार्ड डिस्क लागत नाही. यातली बरीच उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि दोन्ही बँडना (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) एकच नाव दिलेल्या राउटरवर जोडताना अडून बसतात. ओएनटीचं गेस्ट फक्त २.४ वर ठेवलं की हा प्रश्न न बोलता सुटतो. अपवाद टीव्ही आणि स्पीकर: फोनवरून थेट त्यांच्यावर काही पाठवायचं तर ते फोनच्याच नेटवर्कवर हवेत, ते आत ठेवा.

मग पुन्हा का बिघडतं

सगळं नीट लावल्यावर महिन्याभरानं गेस्ट गायब, डब्ल्यूपीएस परत चालू, नाव जुनंच. राउटर खराब आहे असं समजू नका. ओएनटीवर कंपनीचा दूरस्थ ताबा असतो. टीआर-०६९ नावाच्या पद्धतीनं कंपनी तिथून फर्मवेअर (डब्यातलं सॉफ्टवेअर) चढवते, सेटिंग पाठवते, आणि त्यात तुमचे बदल पुसले जाऊ शकतात. दुसरं कारण साधं: तक्रार केल्यावर आलेल्या माणसानं पिन खुपसून रीसेट मारलेला असतो. दोन्हींवर आपला ताबा नाही. तेव्हा ओएनटीच्या वाय-फाय, गेस्ट आणि डब्ल्यूपीएसच्या पानांचे फोटो काढून ठेवा, बॅकअप फाइल मिळत असेल तर तीही घ्या. घरची उपकरणं आतल्या राउटरमागे असल्याचा फायदा इथेही होतो: ओएनटी धुऊन निघाला तरी बिघडतं ते पाहुण्यांचं, घरातलं काही उघडं पडत नाही.

लाइट गेल्यावर गेस्ट बंद पडत असेल तर वेळापत्रक आणि मुदत तपासा. काही राउटर गेस्टला ठरावीक तासांची मुदत देतात, ती संपली की नाव गायब. आणि वेळापत्रक लावलं असेल तर राउटरच्या घड्याळाला बॅटरी नसते. लाइट आल्यावर इंटरनेट लागेपर्यंत त्याच्या लेखी १९७० किंवा कारखान्यात भरलेलं साल चालू असतं, आणि रात्रीचा नियम भर दुपारी लागतो. वेळापत्रक काढून टाका. फारच हवं असेल तर टाइम झोन भारताचा आहे ना ते बघा. चिनी किंवा लंडनच्या वेळेवर चालणारे राउटर मी पुष्कळ पाहिलेत.

फर्मवेअर बदलल्यावर आणि कोणी डब्याला हात लावून गेल्यावर गेस्टवरून ती पानं उघडण्याची चाचणी पुन्हा करा, मोबाईल डेटा बंद ठेवून.

एक शंका नेहमी उरते: पाहुण्याला बोर्डिंग पास छापायचा असेल तर? गेस्टमधला ‘घरच्या नेटवर्कला परवानगी’ हा पर्याय त्यासाठी चालू करू नका, तो नंतर बंद करायचं कोणाच्याच लक्षात राहत नाही. फाइल व्हॉट्सअॅपवर मागवा आणि तुमच्या फोनवरून छापा. टीव्हीवर यूट्यूब लावायचं असेल तर टीव्हीच्या यूट्यूबमधल्या सेटिंगमध्ये ‘टीव्ही कोड’ मिळतो, तो पाहुण्यानं आपल्या फोनमध्ये टाकला की नेटवर्क वेगळं असूनही चालतं.